लाजेची संस्कृती आणि आजाराची भाषा

आरोग्याच्या क्षेत्रात अलीकडे एक शब्दप्रयोग फार चालतो: 'सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील सेवा'. परिसंवादांच्या पत्रिकांवर, प्रकल्पांच्या अहवालांत, प्रशिक्षणवर्गांच्या फळ्यांवर तो दिसतो. त्याचा अर्थ असा सांगतात की, रोग्याच्या चालीरीती, श्रद्धा, लाजलज्जा यांचा मान राखून उपचार व्हावेत. यावर कोण आक्षेप घेणार? परंतु लघवी न आवरणे, अंग बाहेर येणे, अंगावरून पांढरे जाणे, पुरुषांचे 'गुप्त' म्हणून दडवलेले विकार, या दुखण्यांना हा शब्दप्रयोग लावून पाहिला की तो अडखळतो. ज्या संस्कृतीचा मान राखायचा ती नेमकी कोणाची? बाईची, की बाईने गप्प बसावे असे ठरवणाऱ्यांची?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. श्रमिक, दलित, आदिवासी बाई या दुखण्यांविषयी बोलत नाही, याला तिची 'संस्कृती' कारण आहे हे प्रस्थापितांनी सोयीने पसरवलेले मत आहे. तिच्यापाशी शब्द आहेत, तिच्यापाशी हिशेबही आहे. तिचे शब्द दवाखान्याच्या मराठीत नाहीत. आणि खेदाची गोष्ट ही की, ते आपल्या विद्रोही म्हणवणाऱ्या वाङ्मयातही अभावानेच आले आहेत.

मी आंबेगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. घरातली पहिली पदवीधर. वर्गात समोर बसणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच भीमाशंकरच्या डोंगरातून, आश्रमशाळा संपवून आलेल्या असतात. भीमाशंकर म्हटले की शहरातल्या वाचकाला ज्योतिर्लिंग, धुके, शेकरू आणि अभयारण्य आठवते. त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या आहेत, आणि काही गावांच्या कडेला आमचीही चार-दोन घरे आहेत. दलित आणि आदिवासी यांचे प्रश्न एकच आहेत असे मी म्हणणार नाही. अस्पृश्यतेचा डाग आणि जंगलाचा वनवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु दवाखान्याच्या टेबलासमोर उभी राहिलेली आमची बाई आणि त्यांची बाई यांच्यात मात्र मला फारसा फरक दिसत नाही.

या डोंगरातल्या बाईच्या अंगाचे काय होते ते आधी पाहू. पावसाळ्यात भाताची आवणी. इरले किंवा प्लास्टिकचा कागद पाठीवर टाकून दिवसभर कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात उभे राहायचे. उन्हाळ्यात हिरड्याचा हंगाम; बाळहिरडा वेचायचा, वाळवायचा, पोते डोक्यावर घेऊन उतरण उतरायची. वर्षभर सरपण. डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या बागायतीला जाते, आणि धरणाच्या वरच्या अंगाची बाई ऐन उन्हाळ्यात हंड्यावर हंडा घेऊन चढण चढते. यातच बाळंतपणे होतात. बाळंतिणीने सवा महिना उठू नये असे आजी सांगते, पण आवणीचे दिवस असतील तर सवा महिना कोणाला परवडतो?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून तोलून धरते. लांबलेली बाळंतपणे, लागोपाठची बाळंतपणे, ओली बाळंतीण असतानाच उचललेले ओझे, जुनाट खोकला, जुनाट बद्धकोष्ठ यांनी ती झोळी सैल पडते. मग शिंकले, खोकले, हंडा उचलला की थेंब सुटतो. पुढे अंग खाली येऊ लागते. वय वाढते, पाळी जाते, तसा त्रासही वाढतो. हे शास्त्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. त्यात संस्कृती कोठेही नाही. श्रम आहेत आणि विश्रांतीचा अभाव आहे. यातला एक उपरोध नोंदवण्यासारखा आहे. पोट साफ करणारे औषध म्हणून ज्या हिरड्याची ख्याती, तो हिरडा या बाईच्या डोक्यावरून औषधांच्या कारखान्यांकडे जातो, आणि तिच्या दुखण्याला मात्र औषध मिळत नाही.

या दुखण्याचा रोजचा संसारही पाहिला पाहिजे. थेंब टिपायला जुन्या लुगड्याचे फडके. भीमाशंकरच्या पावसात ते फडके वाळत नाही. उघड्यावर वाळत घालावे तर लोक पाहतात, म्हणून ते दुसऱ्या कपड्याखाली, चुलीमागच्या अंधारात दडपून घालायचे. ओले फडके पुन्हा घ्यायचे. मग जांघा सोलवटतात, खाज सुटते, चट्टे उठतात. तळेघरहून घोडेगावला, घोडेगावहून मंचरला एस.टी.ने जायचे तर बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. पाणी न प्याल्याने लघवी गडद होते, मूत्राशयाला टोचते, आणि घाई आणखी वाढते. दवाखान्यात जाण्यासाठी केलेली ही तयारीच तिचे दुखणे वाढवते. याला कोणी 'आदिवासी स्त्रीची लज्जाशीलता' म्हणत असेल तर त्याने एकदा त्या एस.टी.त बसून पाहावे.

आता भाषेकडे येते, कारण माझे क्षेत्र ते आहे. काही वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका गावी तपासणी शिबिर होते. नाव-गाव लिहून फॉर्म भरण्याचे काम आमच्या विद्यार्थिनींकडे होते. छापील फॉर्मवर प्रश्न होता: 'मूत्रविसर्जनावर नियंत्रण आहे काय?' एक म्हातारी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "इसर्जन तर गणपतीचं करत्यात." पुढचा प्रश्न श्वेतप्रदराचा होता. त्यावर तिने, हा कुठला प्रदेश, असे चेहऱ्याने विचारले. सकाळभरात फॉर्मांच्या चळतीवर 'तक्रार नाही' असे शेरे पडत गेले. दुपारी माझ्या वर्गातल्या, त्याच डोंगरातल्या दोन मुलींनी छापील प्रश्न बाजूला ठेवले आणि आपल्या बोलीत विचारायला सुरुवात केली: "मावशी, हंडा उचलताना थेंब सुटतो का? अंगावर जातं का? खाली काही आल्यासारखं वाटतं का?" आधी हशा पिकला. मग एकीने दुसरीला कोपराने ढोसले, "सांग की गं तुझं." आणि मग बायका बोलतच राहिल्या. कोणाला बारा वर्षे झाली होती, कोणाला धाकट्या पोराच्या जन्मापासून. चळतीवरच्या त्या शेऱ्यांवरून एखादा विद्वान 'या समाजात ही दुखणी अल्प' असा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता.

मराठीत या दुखण्यांना तीन भाषा आहेत. पहिली संस्कृतप्रचुर छापील भाषा: मूत्रविसर्जन, श्वेतप्रदर, योनिभ्रंश, कामविकार. दुसरी दवाखान्याची अर्धी इंग्रजी भाषा: 'युरिन लीक होते का?', 'व्हाइट डिस्चार्ज आहे का?', 'पिशवी काढून टाकू'. तिसरी बाईची भाषा: मूत आवरत नाही, अंग बाहेर येतं, अंगावरून जातं. पहिली भाषा सभ्य, दुसरी शास्त्रीय आणि तिसरी असभ्य, ही वाटणी कोणी केली? 'मूत' हा शब्द उच्चारला की वर्गातली मुले खाली पाहतात. 'मूत्र' म्हटले की वहीत लिहून घेतात. दोन्हींचा अर्थ एक, वासही एकच. अंतर आहे ते जातीचे. शब्दांनाही आपल्याकडे जात असते आणि ओल्या, वाहत्या, अंगाशी निगडित शब्दांना गावकुसाबाहेर ठेवलेले असते. संवेदनशील सेवेची पहिली अट म्हणून मी ही मागणी करीन: बाईच्या शब्दात विचारा आणि तिच्या शब्दातच लिहून घ्या.

परंतु केवळ शब्द बदलून भागत नाही. लघवी न आवरणे याला आपल्या समाजाने कधी आजार मानलेच नाही. त्याने त्याला घाण मानले. आणि घाण साफ करण्याचे काम त्याने फार पूर्वीच विशिष्ट जातींच्या अंगावर टाकून दिले आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला, तरी रुग्णालयाच्या खाटेखालचे भांडे कोण उचलते, गळणाऱ्या म्हाताऱ्याची चादर कोण बदलते, हे कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात उभे राहून पाहावे. 'मावशी' आणि 'मामा' म्हणून ज्यांना हाक मारतात त्यांची आडनावे विचारावीत. रोग वरच्या हातांनी तपासायचा आणि घाण खालच्या हातांनी उचलायची, ही जी श्रमविभागणी आहे तिच्यामुळेच हा आजार तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. घाणीवर औषध नसते, घाण फक्त दूर सारायची असते.

म्हणून आमच्या बाईची लाज दुहेरी आहे. सवर्ण बाईला लघवीचा वास आला तर ती आजारी ठरते. आमच्या बाईला आला तर 'हे लोक असेच' हे मत पक्के होते. माझी आई सभांना जायची, जयंतीच्या कार्यक्रमांना जायची, पण नेहमी दाराशी बसायची. दुसऱ्याच्या घरी चटईवर बसत नसे, उंबऱ्यावर टेकायची. मला लहानपणी वाटे की हा जातीचा धाक आहे. मोठी झाल्यावर कळले की त्यात लघवीचाही धाक होता. दोन्ही धाकांनी तिला एकच जागा दिली होती. 'घाणेरडे' ही शिवी जिच्या आजीने, पणजीने झेलली, ती बाई आपले ओले फडके कोणाला दाखवील? तिच्या गप्प राहण्याला लज्जा म्हणणे म्हणजे तिच्या हिशेबाला अडाणीपणा म्हणणे होय.

इतिहासात याहून भीषण उदाहरण आहे. लांबलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडते आणि लघवी अखंड गळत राहते. या दुखण्यावरची शस्त्रक्रिया ज्याच्या नावाने वैद्यकशास्त्र ओळखते, त्या जे. मॅरियन सिम्स याने ती १८४५ ते १८४९ या काळात, अमेरिकेतल्या अलाबामा प्रांतात, काळ्या गुलाम स्त्रियांच्या अंगावर सिद्ध केली. भूल न देता. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही त्यांतल्या तिघींची नावे. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा होता; तो २०१८ साली हलवण्यात आला. अंतर्गत तपासणीच्या एका उपकरणाला मात्र आजही त्याचेच नाव आहे. आपल्या चळवळीने १९७२ साली 'पँथर' हे नाव काळ्यांच्या चळवळीवरून घेतले. नाव घेतले तसे हे दुखणेही वाचले पाहिजे. ज्या स्त्रियांच्या गळणाऱ्या अंगावर हे शास्त्र उभे राहिले त्यांची नावे उपकरणावर नाहीत, आणि त्यांच्यासारख्याच स्त्रियांपर्यंत ते शास्त्र आजही नीट पोहोचलेले नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या परंपरेत आहे आणि ते आपण पुरेसे वाचलेले नाही. विनयपिटकातल्या महावग्गात एका भिक्षूची कथा येते. अतिसाराने तो आपल्याच मलमूत्रात पडलेला होता आणि इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. नंतर भिक्षूंना बजावले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ही कथा घेतली आहे. भीमाशंकरच्या पायथ्याशी जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. मानमोडीच्या एका समूहाला तर भीमाशंकर समूह असेच नाव आहे. तेथल्या शिलालेखांत पाण्याच्या पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. आपण विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जातो, धम्मलिपी दाखवतो. पण ज्या धम्माचा शास्ता स्वतः दुसऱ्याचे मलमूत्र धुतो, त्या धम्माने घाणीची श्रमविभागणीच मोडून काढली, ही गोष्ट त्या लेण्यांत उभे राहून आपण कितीदा सांगतो?

आता आपल्या वाङ्मयाचा जमाखर्च मांडू. १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापलेल्या आपल्या निबंधात फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी मुक्ता हिने मांग-महारांच्या बाळंतिणींना डोक्यावर छप्पर नसते, थंडी-वाऱ्या-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, हा प्रश्न विचारला. म्हणजे आपल्या गद्याच्या पहिल्याच पानावर बाईचे बाळंतपण आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने सभ्य मराठीचे सोवळे फाडले आणि वेश्यावस्तीची भाषा कवितेत आणली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातल्या शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. १९८६ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'जिणं आमुचं'मध्ये बेबी कांबळे यांनी पोरवयातली बाळंतपणे, बाळंतिणीची उपासमार, दुखऱ्या अंगाची अडाणी हाताळणी निर्भयपणे लिहिली. २००३ साली 'आयदान'मध्ये ऊर्मिला पवार यांनी बाईच्या अंगाविषयी, लग्नानंतरच्या शरीरसंबंधाविषयी आडपडदा न ठेवता लिहिले.

हे ऋण मोठे आहे. तरीही एक उणीव दिसते ती मांडली पाहिजे. आपल्या वाङ्मयात शरीर येते ते प्रामुख्याने जखम म्हणून, म्हणजे कोणीतरी केलेल्या अत्याचाराचा पुरावा म्हणून. भुकेले पोट, फटके खाल्लेली पाठ, बळजबरी झालेले अंग. बाळंतपण येते, पण बाळंतपणानंतरची तीस वर्षे माझ्या वाचनात फारशी येत नाहीत. हळूहळू ढिले पडणारे, गळणारे, कुजबुजत जगणारे शरीर कथेत नायक होत नाही, कारण त्याचा कोणी एक खलनायक नसतो. त्याला मारणारा हात दिसत नाही. हंडा दिसतो, खाचर दिसते, एस.टी. दिसते. पुरुष लेखकांच्या कथा-कवितांतली आई तर बहुधा सोशिक, कष्टाळू, भव्य असते. तिच्या फाटक्या लुगड्यावर आपण ओळी लिहिल्या, त्या लुगड्याचा ओला तुकडा मात्र पाहिला नाही. विद्रोहाची भाषा शिवी उच्चारण्याइतकी धीट झाली, पण आईच्या दुखण्याचे नाव घेण्याइतकी झाली नाही. हा आरोप मी बाहेरून करीत नाही. आमच्याच घरातला हा हिशेब आहे.

शिवाय आपल्या विचारपरंपरेत यासाठी आधार नाही असेही नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात ते सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, त्यांचे वकीलपत्र घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु लोकांच्या खऱ्याखुऱ्या शंकांना उत्तर देणे ही अश्लीलता नाही, ही बाजू बाबासाहेबांनी मांडली. पुढे १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला. तोही फेटाळला गेला. ही दोन पाने आपण जयंतीच्या भाषणांत क्वचितच उघडतो.

पुरुषांची स्थितीही काही वेगळी नाही. एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर, रस्त्याकडेच्या तंबूंवर 'गुप्तरोग'वाल्यांच्या जाहिराती असतात. वीर्याचा थेंब गेला की ताकद गेली, ही समजूत व्यायामशाळांतून आणि ब्रह्मचर्याच्या पुस्तिकांतून खेड्यापाड्यांत पोहोचली. या धास्तीतून येणाऱ्या मानसिक दुखण्याला १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी 'धात' हेच लोकांच्या तोंडचे नाव दिले. मधुमेहाने शिथिलता येते, वयाने प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी अडते किंवा गळते, ही सरकारी दवाखान्यात विचारण्यासारखी दुखणी आहेत. पण तेथे दारात सगळ्यांसमोर 'काय होतंय?' असे विचारले जाते. म्हणून हंगामाचा पैसा तंबूत जातो. तंबूवाल्याला औषध येत नाही, पण पडदा लावून ऐकून घेणे मात्र येते.

ऐकून घेतल्याने काय होते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. तोवर जगभर गरीब देशांतली बाई म्हणजे पोर होणारी किंवा पोर थांबवायची बाई, एवढाच हिशेब होता. बंग यांनी 'कानोसा' या पुस्तकात त्या बायकांचे शब्द, समजुती, दुखणी मांडली. तेथे शोधग्रामात उभारलेले रुग्णालय आदिवासींच्या घरांच्या धर्तीवर आहे आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव आहे. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेने आणि पुढे १९९६ साली उभ्या राहिलेल्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'ने दुसरी वाट दाखवली. एच.आय.व्ही.च्या काळात तेथे धंद्यातल्या स्त्रियाच, ज्यांत देवदासी म्हणून सोडलेल्या दलित स्त्रिया होत्या, एकमेकींच्या आरोग्य-कार्यकर्त्या झाल्या. गडचिरोलीत डॉक्टर ऐकायला गेले. सांगलीत ऐकणारी आणि सांगणारी एकाच वस्तीतली झाली. दोन्ही ठिकाणचे काम मोठे आहे. तरी मला दुसरी वाट अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात बाई कोणाच्या संवेदनशीलतेची लाभार्थी राहत नाही.

आणि ऐकून न घेतल्याने काय होते त्याचा पुरावा बीडमध्ये आहे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी बोभाटा झाल्यावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतल्या अनेकींची मूळ तक्रार अंगावरून जाणे आणि ओटीपोट दुखणे एवढीच होती. उसाच्या फडात ना मुतायला आडोसा, ना पाळीत सुट्टी, आणि दवाखान्यात एकच उत्तर: पिशवी काढा. जी सेवा ऐकत नाही ती कापते.

मग भीमाशंकरच्या डोंगरात काय व्हावे? मी डॉक्टर नाही, पण मागणी करायला डॉक्टर असावे लागत नाही. थेंब सुटणाऱ्या बहुतेक बायकांना पहिल्यांदा शस्त्रक्रियेची गरज नसते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम, रोज, निदान तीन महिने, हा पहिला मान्य उपचार आहे. त्याला यंत्र लागत नाही. नीट शिकवणारी बाई लागते. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग आणि साखर पाहता येते. अंग खाली आले असेल तर आत बसवायची कडी असते. शस्त्रक्रिया नको असलेल्या बाईचे दिवस ती सुसह्य करते. हे तळेघरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या ठिकाणी मिळाले पाहिजे, मंचरला किंवा पुण्याला नव्हे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून प्रत्येक गावात आशा आली. ती त्याच गावची सून आहे, तीच बोली बोलते. तिला गर्भारपणाची, लसीची नोंद विचारली जाते. 'थेंब सुटतो का?' हा एक प्रश्न तिच्या वहीत घाला, आणि त्या प्रश्नाचे मोल तिच्या मानधनातही धरा. तपासणीला आडोसा द्या, बाईला बाई तपासील असे पाहा. २०११ साली मुंबईच्या स्त्रियांनी 'राइट टू पी' म्हणून मुतारीचा हक्क मागितला. तो खाचरातल्या आणि एस.टी.तल्या बाईचाही आहे. आणि बाळंतिणीचा सवा महिना हा आजीचा सल्ला राहू नये, त्या दिवसांची मजुरी भरून मिळावी. या डोंगराच्या संस्कृतीचा मान राखायचा असेल तर तो येथे राखा.

काहीजण म्हणतील, जमीन, आरक्षण, अत्याचार असे मोठे प्रश्न पेटलेले असताना हा कसला विषय? त्यांना मी एवढेच विचारीन की मोर्चाला बाई का येत नाही? ती येत नाही कारण चार तास मुतारी नसते. सभेत ती दाराशी का बसते? शिबिराला मुक्कामी का राहत नाही? चळवळीतल्या स्त्रियांच्या गैरहजेरीची कारणे शोधताना आपण पितृसत्तेपर्यंत पोहोचलो, पण ओल्या फडक्यापर्यंत पोहोचलो नाही. पितृसत्ता पुस्तकात असते तशी त्या फडक्यातही असते.

विद्यार्थ्यांना आणि लिहिणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की, आपल्या आईच्या कष्टांवर लिहा, जरूर लिहा, पण तिला आधी विचारा. हंडा उचलताना काय होते, हे विचारा. ती हसेल, तुम्हाला वेड्यात काढील, विषय बदलेल. थोडे थांबा. मग ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. आणि लिहून झाले की कागद बाजूला ठेवून तिला दवाखान्यात घेऊन जा.